करवल्यांची ऑर्डर घेताय? मग ‘सेम टू सेम’ला आधी थांबवा



तुळशीचं लग्न लागलं की आपल्या शिलाईवाल्यांचे आणि बुटिकवाल्यांचे फोन वाजायला लागतात. त्यातला एक फोन आता ठरलेला असतो. "मॅडम, आम्ही सहा करवल्या आहोत. सगळ्यांचं सेम टू सेम पाहिजे." मागोमाग व्हॉट्सॲपवर एक रील येते. त्यात सहा सडपातळ मुली एकाच रंगात, एकाच गळ्यात, एकाच उंचीच्या, हळू हळू चालत येत असतात. आपण रील बघतो, सहा ब्लाउजचा हिशोब मनात करतो आणि म्हणतो, "होऊन जाईल."

या विषयावर व्हिडिओत मी थोडक्यात बोलले होते. तिथे वेळ कमी पडला, म्हणून इथे सविस्तर लिहिते. माझं मत सरळ आहे: ‘सेम टू सेम’ची ऑर्डर आहे तशी घेऊ नका. गिऱ्हाईकाला परत पाठवा असं मी म्हणत नाही. ऑर्डर घ्याच, पण ती बदलून घ्या. का आणि कशी, ते सांगते.

आधी करवली काय काम करते ते बघा

विदेशी लग्नातली ब्राइड्समेड आणि आपली करवली यात एक मोठा फरक आहे. आपली करवली कामाला जुंपलेली असते. ती नवरीच्या मागे कलश आणि दिवा घेऊन उभी राहते. मंगलाष्टकं संपेपर्यंत हात अवघडतात, तरी तांब्या हलवायचा नाही. मध्येच अक्षता वाटायच्या, नवरीचा मुंडावळ्यांचा दोरा सावरायचा, कुणाचा तरी चार्जर शोधायचा, पंगतीत आग्रह करायचा आणि जमलं तर जोडे पळवायला धावायचं. शिवाय नवरीची बहीण म्हणून प्रत्येक फोटोत ती असतेच.

म्हणजे तुम्ही जो कपडा शिवताय, तो सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत अंगावर राहणार आहे. बसताना, वाकताना, हात वर करताना. रीलमधल्या मुली पंधरा सेकंद चालतात. हा फरक गिऱ्हाईकाच्या लक्षात येत नाही, कारण ती लग्नाच्या गडबडीत आहे. आपल्या लक्षात यायला हवा, कारण आपण त्याचे पैसे घेतो.

माझी चूक सांगते

माझं बुटिक नवीन होतं तेव्हाची गोष्ट. सात करवल्यांची ऑर्डर आली. एवढी मोठी ऑर्डर पहिल्यांदाच, म्हणून मी हवेत होते. फोटोत होतं तसंच ठरलं: अबोली रंग, मागे खोल गळा, पाठीवर हुक, नेटच्या बाह्या. सातही मापं घेतली, कापड एकावर एक टाकून कटिंग केलं, वेळेच्या दोन दिवस आधी माल दिला. मला वाटलं, काय मस्त काम झालं!

त्या सातांमध्ये नवरीची मोठी बहीण होती. तिचं बाळ चार महिन्यांचं होतं. बाळ अंगावर पीत होतं. माप द्यायला आली तेव्हा बाळ तिच्या कडेवरच होतं. मी बघितलं, त्याचे गाल ओढले, आणि तिच्या ब्लाउजलाही पाठीमागेच हुक लावले. तीसुद्धा काही बोलली नाही. बाकीच्या सहाजणी फोटो बघून खूश होत्या, त्यात आपण एकटीने वेगळं कसं मागायचं, असं तिला वाटलं असणार.

लग्नाचे फोटो मी नंतर पाहिले. सहाजणी अबोली रंगात आणि सातवी शाल पांघरलेली. बाळाला पाजायचं तर पूर्ण ब्लाउज उतरवायला लागत होतं, आणि बाळंतपणानंतर अंग भरलं होतं म्हणून तो पाठीचा गळा तिला नकोसा होत होता. भर उन्हाळ्यातलं लग्न. कलश घेऊन उभी आहे तो फोटो, सप्तपदीचा फोटो, पाठवणीचा फोटो, सगळीकडे शाल.

त्यांच्या आई आठवडाभराने उरलेले पैसे द्यायला आल्या. भांडल्या नाहीत. पैसे मोजून ठेवले, "छान शिवलंत हो" म्हणाल्या आणि गेल्या. त्या घरात अजून दोन मुलींची लग्नं व्हायची होती. दोन्ही झाली. मला एक फॉलसुद्धा लावायला आला नाही.

तक्रार करणारं गिऱ्हाईक आपल्याला सुधारायची संधी देतं. गप्प राहून निघून जाणारं गिऱ्हाईक काहीच देत नाही, आणि करवल्यांच्या ऑर्डरमध्ये बहुतेक जणी गप्पच राहतात. घरचं कार्य असतं, कुणाला विघ्न आणायचं नसतं. म्हणून बोलायची जबाबदारी आपली.

माझा नियम: एक गोष्ट सारखी, बाकी मोकळी

त्या ऑर्डरनंतर मी एक नियम केला आणि आज माझ्या प्रत्येक बॅचला तोच शिकवते. सगळ्या मिळून एक गट दिसायला फक्त एक गोष्ट सारखी लागते. ती एक गोष्ट निवडा आणि बाकीचं प्रत्येकीच्या अंगाप्रमाणे, वयाप्रमाणे, सोयीप्रमाणे करा. याच्या तीन जोड्या माझ्याकडे नेहमी चालतात.

पहिली: साडी एकच, ब्लाउजचा कट वेगळा. एकीला प्रिन्सेस कट, एकीला कटोरी, एकीला बंद गळा, पाजणाऱ्या ताईला पुढून हुक. कापड एकाच ताग्यातलं असलं की गळे वेगळे आहेत हे फोटोत कुणाला खुपत नाही. उलट प्रत्येकीचं फिटिंग नीट बसल्याने गट जास्त नेटका दिसतो.

दुसरी: साड्या वेगळ्या, ब्लाउजचं कापड एकच. ही सगळ्यात स्वस्त जोडी आहे. घरातल्या कपाटात असलेल्या काठपदराच्या साड्या निघतात, आणि एकाच जरीच्या किंवा खणाच्या कापडाचे ब्लाउज सगळ्यांना होतात. ज्या घरात सहा नव्या साड्या घेणं जड आहे, तिथे हा पर्याय तुम्ही स्वतःहून पुढे करा. आपला माल कमी खपेल असं वाटतं, पण ते घर तुम्हाला विसरत नाही.

तिसरी: रंगांचं एक घराणं घ्या आणि काठ सारखा ठेवा. म्हणजे डाळिंबी, आमसुली, वांगी, राणी. सगळे एकमेकांचे चुलत भाऊ. गोऱ्या मुलीला काय आणि सावळ्या मुलीला काय, प्रत्येकीला त्यातला एक तरी रंग खुलतोच. मोरपंखी, चिंतामणी, बॉटल ग्रीन हे दुसरं घराणं. पिस्ता, मोतिया, फिकट अबोली असे उजळ रंग घ्यायचे तर कापड अंगावर टाकून बघितल्याशिवाय हो म्हणू नका. मोबाइलच्या फोटोत ते सगळ्यांनाच छान दिसतात, मांडवातल्या उजेडात मात्र काहींचा चेहरा उतरलेला वाटतो.

रंग ठरवताना पहिला प्रश्न नवरीचा विचारा. विधीला ती पिवळ्या अष्टपुत्रीत आहे का? लग्न लागताना हिरवा शालू आहे की लाल? करवल्यांचा रंग तिच्या शेजारी उठावदार दिसला पाहिजे, पण तिच्यात मिसळून जायला नको. हळदीला सगळ्याच पिवळ्या असतात, तिथे चालतं. अक्षतांच्या वेळी नवरी पिवळी आणि मागच्या सहाजणीही पिवळ्या असतील तर आजोबांना चष्मा लावून नवरी शोधावी लागते.

आणि कापड दुकानातल्या ट्यूबलाइटखाली कधीच पास करू नका. बाहेर उन्हात बघा, मग पिवळ्या बल्बखाली बघा. हॉलमध्ये बहुतेक वेळा पिवळा उजेड असतो आणि काही जांभळे रंग त्यात चक्क तपकिरी दिसतात. दुसरी काळजी ताग्याची. रंगाचा घाणा बदलला की तोच नंबरचा रंगसुद्धा एखादी छटा इकडे-तिकडे होतो. सहाजणींचं कापड एकदम, एकाच ताग्यातून घ्या आणि वर दीड-दोन मीटर जास्त घ्या. आयत्या वेळी सातवी करवली उगवतेच. मावशीच्या जावेची मुलगी!

माप घेताना तोंड सांभाळा

हे वाचायला कडू लागेल, पण लिहिते. आपल्याकडे माप घेताना ओरडून आकडे सांगायची सवय आहे. टेप लावायचा आणि पलीकडे बसलेल्या मुलीला सांगायचं, "लिही गं, छाती बेचाळीस, कंबर अडतीस." दुकानात तिच्या पाच बहिणी, दोन माम्या आणि एक होणारी नणंद उभी आहे. त्या मुलीचा चेहरा कधी बघितलाय? वर आपणच म्हणतो, "तुम्हाला जरा कापड जास्त लागेल हं." झालं. ती लग्नाच्या दिवसापर्यंत तो आकडा डोक्यात घेऊन फिरते.

माझ्याकडे प्रत्येक करवलीचं वेगळं कार्ड असतं. माप आत, पडद्यामागे घ्यायचं. आकडा घेणारीनेच लिहायचा, तोंडाने बोलायचा नाही. आणि तिथेच, एकटी असताना, चार प्रश्न विचारायचे: तुला कसला गळा नको आहे? बाही कुठपर्यंत हवी? बाळ अंगावर पितं का, किंवा तब्येतीचं काही सांभाळायचं आहे का? त्या दिवशी तुझं काम काय आहे?

‘काय हवं’ असं विचारलं की मुली रील दाखवतात. ‘काय नको’ विचारलं की खरं बोलतात. एकीने मला सांगितलं होतं, दंडावर भाजल्याची खूण आहे, बाही कोपरापर्यंतच हवी. सगळ्यांसमोर ती हे कधी बोलली असती?

आपल्या धंद्यात ‘चांगलं दिसणं’ म्हणजे ‘लपवणं’ असा एक समज आहे. जाड असेल तर गडद घाला, बुटकी असेल तर हे घालू नका. मला हे पटत नाही. अंगावर नीट बसलेला कपडा कुठल्याही अंगावर चांगला दिसतो. चांगला दिसत नाही तो दंडात रुतलेला, मुंढ्यात ओढलेला किंवा खांद्यावरून घसरणारा. कापडाचा स्वभाव मात्र माहीत हवा. ऑरगन्झा फुगून उभा राहतो, जॉर्जेट आणि शिफॉन अंगासरशी पडतात, टिश्यूला पटकन चुण्या पडतात. फार रुंद काठ कमी उंचीच्या मुलीच्या निऱ्यांमध्ये बराच भाग खातो, तिला मध्यम काठ सुचवा. मुलीला सांगताना कापडाबद्दल बोला, तिच्या अंगाबद्दल नको. "हा ऑरगन्झा फुगतो, तुला दिवसभर सावरत बसावं लागेल" असं म्हणा. अर्थ पोचतो आणि मान राहतो.

ट्रायलला आरशासमोर सरळ उभं करून सोडू नका. दोन्ही हात वर करायला लावा, जशा अक्षता टाकतो तसे. हातात पाण्याचा तांब्या देऊन दोन मिनिटं उभं करा. खाली वाकून पाया पडायला सांगा. मुंढा ओढला जातो, कमरेचं ब्लाउज वर चढतं, गळा पुढे लोंबतो, हे सगळं तिथेच कळतं. शिवलेली नऊवारी असेल तर ती घालून बाथरूमला जाता येतं का, हेसुद्धा विचारा. हसू नका, सगळ्यात जास्त तक्रारी याच एका गोष्टीवरून ऐकल्या आहेत मी.

बाजूच्या शिलाईत प्रत्येकी दीड-दोन इंच दाब ठेवा. माप आणि लग्न यांच्यामध्ये महिना-दीड महिना जातो. त्यात कुणी डाएट करतं, कुणी प्रत्येक केळवणाला जेवतं.

परगावच्या करवल्यांचं काय? एक नाशिकला, एक बंगळुरूला, एक थेट दुबईला. व्हिडिओ कॉलवर टेप धरायला लावून घेतलेलं माप फसतं. त्यांना सध्या अंगाला नीट बसणारं एक ब्लाउज कुरिअर करायला सांगा. दुबईवालीच्या आईकडे तिचं जुनं ब्लाउज असतंच, पण ते कधीचं आहे ते आधी विचारा.

पैशाचं बोलणं वेगळं आणि आधी

करवल्यांच्या ऑर्डरमध्ये ठरवणारी एक असते आणि पैसे देणाऱ्या सहा. नवरी पुण्यात नोकरी करते, तिला साडेतीन हजार काही वाटत नाहीत. गावाकडच्या चुलत बहिणीला ते महिन्याचं किराणा बिल असतं. ती ‘नाही’ म्हणणार नाही. कुठून तरी आणेल आणि नाव मात्र तुमच्या दुकानाचं आठवेल.

म्हणून भाव तीन पायऱ्यांमध्ये ठेवा. साधी शिलाई, अस्तर-पायपिंगसह, आणि हातकामासह. तिन्ही एकाच कापडात. स्टेजवरून बघणाऱ्याला हातकाम आहे की नाही हे कळतही नाही. कुणी कोणती पायरी घेतली ते कार्डावर राहू द्या, ग्रुपवर टाकू नका. निम्मे पैसे आगाऊ घ्या आणि डिझाइन ठरवायला एकच जण नेमा, नाहीतर रात्री अकरा वाजता सहाजणींचे सहा वेगळे मेसेज येतील.

पैठणीबद्दल एक वेगळं सांगते. येवल्याची हातमागावरची पैठणी विणायला नक्षीप्रमाणे काही आठवडे ते काही महिने जातात. सहा एकसारख्या हातमाग पैठण्या वीस दिवसांत देतो असं कबूल करू नका. यंत्रमागावरची सेमी पैठणी द्यायची तर जरूर द्या, छान दिसते, बजेटमध्ये बसते. पण तिला सेमीच म्हणा आणि बिलावरही तसंच लिहा. हातमागाच्या पैठणीचा काठ मागून-पुढून सारखा दिसतो, हे आता बऱ्याच आज्यांना माहीत असतं. मांडवात पदर उलटा करून बघणारी एक आजी निघतेच.

तयार लेहंगे किंवा गाऊन विकत असाल तर कराचाही हिशोब आधी करा. 22 सप्टेंबर 2025 पासून तयार कपड्यांना प्रति नग 2,500 रुपयांपर्यंत 5 टक्के आणि त्यावर 18 टक्के जीएसटी आहे. तुमची नोंदणी असेल तर 2,400 आणि 2,600 यांच्यातला फरक गिऱ्हाईकाला दोनशेपेक्षा बराच जास्त पडतो. तुमच्या मालाला नेमकं काय लागू होतं ते सीएकडून एकदा लिहून घ्या.

"पण मॅडम, एवढा वेळ कुठे आहे?"

हा प्रश्न मला प्रत्येक बॅचमध्ये येतो आणि तो चुकीचा नाही. सहा ब्लाउज एकदम कापले की वेळ वाचतो. सहा वेगळे कट म्हणजे सहा वेगळे ड्राफ्ट. सीझनमध्ये कारागीर मिळत नाहीत, हे मलाही माहीत आहे.

पण वहीत दोन्ही बाजू मांडून बघा. समजा, एकत्र कटिंगने तुमचे तीन तास वाचले. त्यातली तीन ब्लाउज अल्टरला परत आली आणि प्रत्येकाला दीड तास गेला, तर साडेचार तास गेले. तेही लग्नाच्या आदल्या आठवड्यात, जेव्हा तुमच्याकडे अर्धा तासही नसतो. प्रत्येकीशी वीस मिनिटं बोलायला सहाजणींचे मिळून दोन तास लागतात, आणि ते दीड महिना आधी, निवांतपणी. शिवाय या वेळेचे पैसे घ्या. ‘करवली पॅकेज’ म्हणून रंग ठरवणं, वैयक्तिक माप, एक ट्रायल आणि लग्नाच्या आठवड्यातलं एक फिटिंग असं लिहून द्या आणि त्याची वेगळी रक्कम लावा. फुकट दिलेल्या सल्ल्याला गिऱ्हाईकही सल्ला समजत नाही.

दुसरा आक्षेप असा, की गिऱ्हाईकाला तेच हवं असेल तर आपण कोण नाही म्हणणारे? बरोबर आहे, शेवटचा शब्द त्यांचाच. कधी कधी सहाजणी खरंच हौशीने सेम टू सेम मागतात, एकत्र बसून ठरवून येतात, अंगाने आणि मनाने तयार असतात. तेव्हा आनंदाने शिवा. माझं म्हणणं एवढंच आहे, की हो म्हणण्याआधी प्रत्येकीला एकटीला विचारलेलं असू दे. सहा होकार वेगवेगळे मिळाले तर तो होकार. एकीने सगळ्यांच्या वतीने दिला तर तो फक्त ऑर्डर.

मी तो शालवाला फोटो मागून घेतला होता. अजून माझ्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला आहे. नवीन मुलगी कामाला लागली की तिला पहिल्या दिवशी दाखवते आणि विचारते, यात चूक काय आहे सांग. बहुतेक जणी म्हणतात, शाल मॅचिंग नाही.

आज एक काम करा. सध्या हातात जी गटाची ऑर्डर आहे ती काढा, प्रत्येकीच्या नावाचं एक कार्ड करा आणि जिच्याशी अजून एकटीने बोलला नाहीत तिला फोन लावा. "ताई, ब्लाउज कापायच्या आधी विचारते, तुम्हाला काय नको आहे?" एवढंच विचारा आणि ऐका.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत कात्री धारदार ठेवा, आवाज हळू ठेवा!